पारवे, होले व पीकराखण

पारवे, होले व पीकराखण : पेरलेले बी, कोवळे रोप आणि पिकलेला दाणा यांचे दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांपासून रक्षण करण्याच्या शेतकामास पीकराखण किंवा नुसती ‘राखण’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील राखणीचे वर्णन केले असून पारवा व होला हे कपोत-कुलातील (कोलंबिडी) पक्षी आणि फाल्गुन ते ज्येष्ठ हा काळ यांवर मुख्य भर दिला आहे. या पक्ष्यांना बंदुकीने मारून पीक वाचते काय, हा प्रश्न शेतकऱ्यांकडून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर पक्ष्यांच्या खाण्याच्या सवयी, पिकांचा हंगाम आणि प्रचलित कायदा या तिन्हींच्या एकत्रित विचारातूनच मिळते.

शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसले आहेत. शहापूर तालुक्यात कसारा, खर्डी, डोळखांब व किन्हवली, तर मुरबाड तालुक्यात सरळगाव, धसई, टोकावडे व म्हसा ही प्रमुख गावे आहेत. भातसा, तानसा, काळू व शाई या नद्या या प्रदेशातून वाहतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. पाऊस भरपूर पडतो, परंतु तो चार महिन्यांतच संपतो. त्यामुळे खरिपाचे भात हे मुख्य पीक, उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी व वरी आणि भात कापल्यानंतर जमिनीतील ओलीवर वाल, हरभरा, मूग यांसारखी कडधान्ये असा पीकक्रम येथे रूढ झाला आहे. भातसा धरणाच्या कालव्याखाली व विहिरींच्या पाण्यावर उन्हाळी भात, भेंडी, काकडी इ. पिकेही घेतात. कुणबी, आगरी, ठाकर, महादेव कोळी, कातकरी व वारली हे येथील प्रमुख समाज होत. जमीनधारणा लहान असून बहुतेक शेते डोंगर व जंगल यांच्या कडेला तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहेत. जंगलाच्या कडेचा एकाकी तुकडा राखणे हे सलग शिवार राखण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते.

पक्षी : पारवा (शास्त्रीय नाव कोलंबा लिव्हिया) हा निळसर राखी रंगाचा पक्षी सु. ३३ सेंमी. लांब असतो. त्याच्या मानेवर हिरवट-जांभळी झळाळी व पंखांवर दोन काळे पट्टे असतात. माहुलीचे सुळके, नाणेघाट व माळशेजचे कडे यांसारख्या कपारींच्या जागा हे त्याचे मूळ निवासस्थान होय. जुन्या विहिरींच्या भिंती, पूल व पक्क्या इमारती यांच्या कोनाड्यांतही तो घरटे करतो. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते व ती सु. १७ ते १९ दिवसांत उबतात. नर व मादी दोघेही पिलांना आपल्या अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ भरवितात. त्यामुळे पिलांना वाढविण्यासाठी या पक्ष्याला किड्यांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही. अन्न मिळत राहिले, तर तो वर्षातून अनेकदा विणतो. मारलेल्या पारव्यांची जागा लवकर भरून निघते, याचे एक कारण हेच आहे.

होल्यांपैकी ठिपकेदार होला (स्पिलोपेलिया चायनेन्सिस), छोटा तपकिरी होला (स्पिलोपेलिया सेनेगॅलेन्सिस) व पठाणी होला (स्ट्रेप्टोपेलिया डेकॅओक्टो) या जाती शेतांत आढळतात. पारवे मोठ्या थव्यांनी, तर होले जोडीने किंवा लहान गटांनी चरतात. म्हणून होल्यांचे एका शेतातील नुकसान सहसा अल्प असते.

याच कुलातील हरियल (ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस) हा पक्षी मात्र या यादीतून कटाक्षाने वगळला पाहिजे. पिवळे पाय व पिवळसर हिरवा रंग यांमुळे तो सहज ओळखू येतो. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे मुख्य अन्न असून दाणे टिपण्यासाठी तो शेतात उतरत नाही. पिकाच्या रक्षणाचे निमित्त सांगून हरियल मारण्यास शेतीच्या दृष्टीने कोणताही आधार नाही.

खाद्य व नुकसान : पारवा आपल्या वजनाच्या सु. दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे दिवसाला सु. ३० ग्रॅ. दाणे खातो. दाणा न सोलता तो अख्खा गिळतो व खड्यांच्या साहाय्याने पेषणीत दळतो. त्याच्या खाण्याच्या तीन सवयी शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, तो जमिनीवर चालत टिपतो, बारीक ताटावर बसू शकत नाही. म्हणून उभ्या भाताला त्याचा उपद्रव कमी असतो, आडवे पडलेले भात मात्र त्याच्या तावडीत सापडते. दुसरी, तो कोंबडीप्रमाणे पायांनी माती उकरत नाही. चोचीने वरची माती किंचित उडवून दिसेल तेवढेच बी तो उचलतो. तिसरी, खाद्य कोरडे असल्यामुळे त्याला रोज पाणी प्यावे लागते. चैत्र-वैशाखात ओढे आटले की डोह, विहिरी व कालवे यांजवळची शेते त्याच्या रोजच्या वाटेवर येतात.

एका उदाहरणावरून नुकसानीचे स्वरूप स्पष्ट होईल. हरभऱ्याचे बियाणे हेक्टरी ६० ते ७० किग्रॅ. लागते असे धरल्यास २० गुंठ्यांस १२ ते १४ किग्रॅ. बी पडते. पन्नास पारव्यांचा थवा पूर्णपणे त्याच शेतावर चरला, तर दिवसाला दीड किग्रॅ. दाणा जाईल व आठ-नऊ दिवसांत सर्व बी संपेल. प्रत्यक्षात थवा अनेक ठिकाणी चरतो आणि मातीआड गेलेले बी त्याला मिळत नाही, म्हणून इतके नुकसान क्वचितच होते. तथापि पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस निर्णायक असतात, हे या हिशेबावरून कळते. याउलट हेच पन्नास पारवे कापणी झालेल्या शेतात किंवा खळ्याच्या कडेला महिनाभर दिसले, तरी ते बहुतांशी गळालेले दाणे खात असतात. तो दाणा शेतकऱ्याच्या हातातून आधीच गेलेला असतो. थवा दिसणे आणि नुकसान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पारव्यांवर येणारा आरोप पुष्कळदा इतर पक्ष्यांच्या कृत्याबद्दल असतो. भाताचा दाणा चिकात असताना लोंब्यांवर पडणारे पक्षी म्हणजे मुनिया, चिमण्या व सुगरणी हे होत. कीर पोपट कणसे व शेंगा तोडून खातो त्यापेक्षा अधिक खाली टाकतो. यांपैकी चिमणी व सुगरण आपल्या पिलांना किडे भरवितात, त्यामुळे वर्षाच्या काही भागात त्या शेतीस उपकारकही ठरतात. भारतातील पक्ष्यांच्या खाद्याचा पोटातील अवशेषांवरून केलेला पहिला विस्तृत अभ्यास सी. डब्ल्यू. मेसन व एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. एकच पक्षी ऋतूनुसार हानिकारक व हितकारक असू शकतो, ही दृष्टी अशा अभ्यासांतूनच रूढ झाली.

हंगाम : या प्रदेशात राखणीचे चार काळ मानता येतात. (१) फाल्गुन ते चैत्र : वाल, हरभरा यांची काढणी व मळणी. या वेळी शेंगा तडकून दाणे सांडतात व पारवे खळ्याभोवती जमतात. (२) चैत्र ते वैशाख : कालव्याखालील उन्हाळी भात व मूग. सभोवार शिवार उघडे असल्यामुळे अशा हिरव्या तुकड्यांवर सर्व जातींचे पक्षी एकवटतात. (३) वैशाखअखेर ते ज्येष्ठ : भाताच्या रोपांची पेरणी. (४) भाद्रपदअखेर ते कार्तिक : भाताची पक्वता आणि त्यानंतर ओलीवरील कडधान्यांची पेरणी.

यांपैकी तिसरा काळ सर्वांत महत्त्वाचा होय. भाताच्या रोपांसाठी निवडलेल्या जागेवर शेण, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन, वर माती पसरून ते भाजतात. यास ‘राब’ म्हणतात. भाजलेल्या भुसभुशीत जमिनीत पावसापूर्वीच कोरडे बी पेरण्याच्या पद्धतीस ‘धूळवाफ पेरणी’ म्हणतात. धूळवाफेत पाऊस लांबला, तर बी अनेक दिवस जमिनीत तसेच पडून राहते आणि आच्छादन अपुरे असल्यास पारवे, होले व चिमण्या ते वेचतात. मोड आणलेले बी चिखलावर फेकण्याच्या ‘रहू’ पद्धतीत तर ते सर्वस्वी उघडेच असते. साधारणतः एक हेक्टर लागणीस १० गुंठे रोपवाटिका लागते. म्हणजे रोपवाटिकेतील एका गुंठ्याचे बी गेले, तर दहा गुंठ्यांची लागण अडते. ज्याच्यापाशी दुसऱ्यांदा पेरण्यास बियाणे नाही आणि उसने आणले तरी पेरणीची वेळ टळून गेली आहे, अशा लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान काही किलो दाण्यांचे नसून संपूर्ण हंगामाचे असते. मात्र याच गणिताची दुसरी बाजू अशी की, एक दशांश क्षेत्र आठ-दहा दिवस नीट राखले, तर संपूर्ण क्षेत्राचे पीक राखल्याचे फळ मिळते.

पक्वतेच्या काळात जमिनीची उंचसखलता महत्त्वाची ठरते. उंचवट्यावरचे हळवे भात आधी, निमगरवे त्यानंतर व खोलगट जमिनीतील गरवे भात शेवटी पिकते. सर्व शिवार हिरवे असताना एकट्या हळव्या भाताचा तुकडा पिकला, तर परिसरातील सर्व थवे त्यावरच पडतात. हेच क्षेत्र मोठे असते, तर तेवढेच पक्षी त्यात विभागले गेले असते. जो सर्वांआधी किंवा सर्वांमागून पेरतो त्याचे नुकसान अधिक होते, असा अनुभव शेतकरी सांगतात, त्यामागील कारण हेच.

राखणीची पारंपरिक साधने : गोफण हे राखणीचे सर्वांत जुने साधन होय. ताग किंवा अंबाडीच्या वाखाची दोरी वळून तिच्या मध्यभागी खडा ठेवण्यासाठी विणीचा खोलगट पट्टा करतात. एका टोकाचा फासा बोटात अडकवून व दुसरे टोक मुठीत धरून गोफण डोक्याभोवती फिरवितात आणि योग्य क्षणी मोकळे टोक सोडतात. खड्यापेक्षा दोरीच्या फटकाऱ्याचा आवाजच बहुधा थवा उठविण्यास पुरेसा होतो. चार लाकडी खांबांवर उभारलेला माळा हे राखणदाराचे ठाणे असते. तेथून सर्व शेत नजरेत येते व दूरवर बसलेला थवाही दिसतो. पत्र्याचा डबा बडविणे, मध्ये चिरलेला बांबू दोरीने ओढून वाजविणे, आरोळ्या देणे व बुजगावणे उभारणे हे इतर उपाय होत.

या सर्व साधनांचे मर्म एकच आहे : पक्ष्याला जागा असुरक्षित वाटली पाहिजे. पारव्यांचे थवे आधी उतरलेल्या पक्ष्यांना पाहून उतरतात. म्हणून पहिले चार पक्षी बसताच त्यांना उठविले, तर पुढचा थवा बहुधा वळून जातो. चरण्याची सवय एकदा जडली की तोच थवा रोज ठरलेल्या वेळी येतो व त्याला हुसकणे कठीण होते. एकाच जागी उभे असलेले बुजगावणे पक्ष्यांच्या थोड्याच दिवसांत अंगवळणी पडते. जागा व वेष बदलत राहिल्यास आणि मधूनमधून खरा माणूस तेथे दिसल्यास त्याचा धाक टिकतो. पारवे मुख्यतः सूर्योदयानंतरच्या पहिल्या प्रहरात व उतरत्या उन्हात चरतात आणि दुपारी विसावतात. त्यामुळे त्यांच्यासाठी सबंध दिवसाची राखण आवश्यक नसते.

बंदूक व कायदा : या भागात शेतरक्षणासाठी परवान्याने मिळणारी ठासणीची बंदूक मुख्यतः रानडुकरांसाठी होती, पाखरांसाठी नव्हे. त्यामागे व्यवहार होता. प्रत्येक बाराला दारू व छर्रा लागे आणि त्याने पडलेल्या दोन-चार पक्ष्यांनी खाल्ला असता त्या दाण्याची किंमत खर्चाच्या मानाने नगण्य असे. छऱ्यांनी लोंब्या झडत. शिवाय ठासणीच्या बंदुकीतून उडणारी जळती चिंधी चैत्रातील वाळल्या गवतात पडली, तर गवताचे भारे व प्रसंगी खळेही पेटण्याचा धोका असे. पक्षी मारले जात ते मुख्यतः अन्नासाठी, आणि तेही गलोल व फासे यांनी.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. तथापि शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याचा परवाना नव्हे. या दोन बाबींची गल्लत अजूनही होते. मुंबई राज्यात १९५१ मध्ये वन्य पशू व वन्य पक्षी यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा केंद्रीय कायदा त्यानंतरचा होय. त्यात आरंभी लहान शिकारीसाठी परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ही पद्धत बंद झाली व अनुसूचींतील प्राण्यांच्या शिकारीस सर्वसाधारण मनाई झाली. शिकारीच्या व्याख्येत ठार मारणे, पकडणे, फासे लावणे तसेच पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणे यांचाही समावेश होतो. म्हणून परवाना लागत नसलेली हवेची बंदूक, गलोल किंवा जाळे वापरल्याने गुन्ह्याचे स्वरूप बदलत नाही.

अधिनियमाच्या मूळ चौथ्या अनुसूचीत कपोत-कुलातील पक्ष्यांचा समावेश होता, परंतु त्यातून पारवा वगळला होता. ‘पारवा मारण्यास हरकत नाही’ ही समजूत या अपवादातून पसरली. होले व हरियल यांना तो अपवाद कधीच लागू नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संपूर्ण फेररचना झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. त्यामुळे जुन्या अपवादाचा आधार आता घेता येत नाही. उभ्या पिकास धोका निर्माण झाल्यास कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी विशिष्ट प्राण्याबाबत लेखी व सकारण आदेश देऊ शकतो. असा आदेश मिळण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतः निर्णय घेणे कायद्यास मान्य नाही.

या दोन तालुक्यांत आणखी एक बंधन लागू होते. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य असून भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग ठाणे जिल्ह्यात येतो. पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. अभयारण्यापासून १० किमी. अंतराच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय शस्त्राचा नवा परवानाही देता येत नाही. अभयारण्याच्या लगतच्या गावांतील शेतकऱ्यांनी हे अंतर ध्यानात घेणे अवश्य आहे.

मारण्याने संख्या घटते काय : या प्रश्नाचा अभ्यास इतर देशांत बारकाईने झाला आहे. ब्रिटनमध्ये रानकबूतर (कोलंबा पॅलंबस) वसंत ऋतूत कोवळ्या पिकांवर चरते आणि तेथे कृत्रिम पक्षी मांडून थवे उतरवून त्यांवर गोळ्या झाडण्याची जुनी पद्धत आहे. आर. के. मर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजशर परगण्यात अनेक वर्षे निरीक्षणे करून १९७४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिवाळ्यात जे पक्षी अन्नाअभावी मरणारच होते, मुख्यतः त्यांचीच जागा बंदुकीने मेलेल्यांनी घेतली व वसंतात उरणारी संख्या पूर्वीइतकीच राहिली, असे त्यांना आढळले. संख्या ठरविणारा घटक बंदूक नसून हिवाळ्यात उपलब्ध असणारे अन्न हा होता. पुढे हिवाळ्यात शेतात उभ्या राहणाऱ्या तेलबियांच्या पिकाचे क्षेत्र वाढले, तसे हे पक्षीही वाढले.

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचे उदाहरण प्रत्यक्ष पारव्याच्याच जातीचे आहे. तेथे १९६१ ते १९८५ या काळात सु. १ लाख कबुतरे मारण्यात आली, परंतु त्यांची संख्या घटली नाही. १९८८ पासून लोकांनी कबुतरांना दाणे घालणे कमी करावे यासाठी मोहीम हाती घेण्यात आली, तेव्हा काही वर्षांतच ती संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. चीनमध्ये १९५८ मध्ये चिमण्यांच्या संहाराची मोहीम देशभर राबविली गेली. किडींचा उपद्रव वाढल्याचे लक्षात आल्यावर १९६० मध्ये चिमणीचे नाव त्या मोहिमेतून वगळावे लागले. या तिन्ही उदाहरणांचे तात्पर्य असे की, अन्न जेथे उपलब्ध राहते, तेथे मारलेल्या पक्ष्यांची जागा इतर पक्षी घेतात. पीक वाचवावयाचे, तर पक्ष्याचा आणि दाण्याचा संबंध तोडणे हाच खरा उपाय ठरतो.

विषारी दाणे टाकणे हा उपाय याहून घातक आहे. ते पारव्यांइतकेच मोर, तित्तर व गावच्या कोंबड्या खातात. मेलेले पक्षी खाणारे प्राणी, आणि असे पक्षी उचलून नेऊन शिजविणारी माणसे, यांनाही त्यापासून विषबाधा होऊ शकते. हा प्रकार कायद्यानेही गुन्हा आहे.

उपाय : शहापूर-मुरबाडसारख्या लहान धारणेच्या प्रदेशास पुढील उपाय सोयीचे आहेत. (१) बी झाकणे : पारवा माती उकरत नसल्यामुळे दोन-तीन सेंमी. मातीआड गेलेले बी त्याच्यापासून सुरक्षित राहते. धूळवाफेत पेरणीनंतर माती सारखी करून वर पेंढ्याचा किंवा पाल्याचा पातळ थर द्यावा व उगवण होताच तो काढावा. (२) जाळी : रोपवाटिका लहान असल्याने तिच्यावर जाळी अंथरणे परवडते. जाळी खुंट्यांवर ताणून, जमिनीपासून वर व कडा दाबून बसवावी. सैल जाळीत इतर पक्षी व साप अडकून मरतात, म्हणून ती रोज पाहावी आणि काम संपताच गुंडाळून ठेवावी. (३) चकाकती फीत : एका बाजूस रुपेरी व दुसऱ्या बाजूस लाल असलेली प्लॅस्टिकची फीत पीळ देऊन खुंट्यांमध्ये ताणतात. वाऱ्याने ती गुणगुणते व उन्हात चमकते. उभ्या पिकावर काही दिवस ती उपयोगी पडते, परंतु पक्षी तिलाही सरावतात. म्हणून पीक नाजूक अवस्थेत येईल तेव्हाच ती लावावी. (४) एकाच वेळी पेरणी : शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच कालावधीचे वाण जवळपास एकाच वेळी पेरल्यास पक्ष्यांचा भार सर्व क्षेत्रावर विभागला जातो. (५) खळ्याची स्वच्छता : मळणीनंतर सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. त्यामुळे थव्यांना गावाजवळ राहण्याची सवय लागत नाही व पुढे राबावर पेरलेल्या बियांवरील धाडही कमी होते. (६) पडलेले पीक आधी कापणे : आडवे झालेले भात पारव्यांना सहज मिळते, म्हणून कापणीत त्यास अग्रक्रम द्यावा.

राखणीचे श्रम : पीकराखणीचा खरा खर्च साधनांचा नसून माणसाच्या वेळेचा आहे. पूर्वी हे काम घरातील वृद्धांकडे व मुलांकडे असे. गोफण घेऊन माळ्यावर बसलेले मूल हे या भागातील परिचित दृश्य होते आणि त्याची किंमत शाळेतील गैरहजेरीच्या रूपाने मोजली जाई. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला असून ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा आता हक्क आहे. पिकाचे रक्षण त्याच्या मोबदल्यात होऊ नये. दुसरीकडे कातकरी व इतर आदिवासी समाजांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे चैत्र-वैशाखात, म्हणजे राखणीची निकड असते नेमक्या त्याच वेळी, पाड्यांवर धडधाकट माणसे कमी असतात. परतलेले कुटुंब घाईने राब पेरते व लगेच मजुरीस जाते, आणि ते बी राखणीविना राहते.

या अडचणीवर गावपातळीवरील व्यवस्था हाच टिकाऊ उपाय दिसतो. पाच-सहा कुटुंबांच्या रोपवाटिका शेजारीशेजारी ठेवल्या, तर एक राखणदार सकाळी व संध्याकाळी दोन-दोन तास देऊन त्या सर्व सांभाळू शकतो आणि पाळी लावल्यास प्रत्येक घरावर आठवड्यातून एक-दोन दिवसांचाच भार पडतो. जाळी सामाईक विकत घेता येते. जंगलातील पक्ष्यांच्या वाटा, पाणवठे व उतरण्याच्या वेळा यांचे कातकरी व ठाकर समाजांतील जाणत्यांना असलेले ज्ञान पूर्वी शिकारीसाठी उपयोगी पडे. थवा कोणत्या बाजूने येईल व त्यास कोठे अडवावे हे ठरविण्यासाठी त्याचा उपयोग आजही होऊ शकतो. राखणीत पक्षी किती मेले याला महत्त्व नाही. पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस बी मातीआड राहिले, त्यावर कोणाची तरी नजर राहिली आणि लागणीस पुरेल इतके रोप तयार झाले, म्हणजे तिचे काम पूर्ण होते. [⟶ कबूतर, गोफण, भात].